कडेचं यंत्र

आज गाव बंद. गणपत गल्लीत शटरं खाली.
कुणाच्या दंडावर काळी फीत,
कुणाच्या सायकलीला लाल-पिवळा झेंडा.
मी तिसऱ्या गेटाजवळच्या बंगल्यात,
पत्र्याच्या शेडीत मांडी घालून.

टाकी कॅनमध्ये उलटी केली,
नळीत उरलेल्या थेंबांवर यंत्र चालू दिलं.
ओरडलं, खोकलं, दोनदा आचके दिले, थांबलं.
एरवी रिक्षांत हा आवाज कुठल्या कुठे जातो.
आज शेजारच्या गच्चीवर
दोघं धावत आले, काय फुटलं बघायला.

आता प्लगची टोपी काढून बाजूला.
हे मी कुणाला शिकवत नाही, बोटांनाच सांगतो.
हलग्याच्या चुलत्याची करंगळी अशीच गेली.
"बंदच होतं की," म्हणतो अजून.

फर्नांडिस बाईंच्या भावानं हे कॅनडाहून बोटीनं धाडलं.
खुरपं माहीत होतं, विळा माहीत होता;
नुसती कड कापायला वेगळं यंत्र असतं
हे मला चोपन्नाव्या वर्षी कळलं.
पातं झिजलं, तसलं पुण्यात नाही, हुबळीत नाही.
शेवटी उद्यमबागेत मुनाफ लेथवाल्यानं
लॉरीच्या पाट्याचा तुकडा कापला,
भोक पाडलं, पाणी दिलं, म्हणाला,
"त्यांचं वाकेल. हे दगडाशी भांडेल."
भांडतं. संध्याकाळी ठिणग्या बघायला
बाई खुर्ची पुढं ओढतात.

गेल्या साली चुकलो.
खानापुरात भाचीचं लगीन, घाई,
पेट्रोल टाकीत तसंच.
मिरगाला उघडतो तर कार्बोरेटरात
काकवीसारखा चिकटा.
दोरी ओढली. पुन्हा ओढली. खांदा उतरायला आला.
बाई व्हरांड्यातून हळू आवाजात मोजत होत्या, इंग्रजीत.
चाळिसाला थांबल्या.
ते मोजणं नाही, ते थांबणं लागलं मला.

म्हणून आज सगळं रीतीनं.
झाकणाखाली गवत न् तांबडी माती, थापलेली, वाळून वीट झालेली.
ती कळकाच्या कामटीनं खरवडली, पाण्याला हात लावला नाही.
फिल्टरचा स्पंज साबणात धुतला,
पिळला नाही, दाबला,
आणि तारेवर टाकला, पोराच्या मोज्यासारखा.
प्लगच्या भोकात ऑइल, चमचाभर,
मग दोरी सावकाश, अगदी सावकाश,
आत कुणी झोपलंय असं समजून.
पात्याला ग्रीस. वर जुन्या धोतराचं फडकं.

इतक्यात शिवलिंगय्या आला, वॉचमन.
दसऱ्याला ह्यानं ह्याच कॅनमधलं
आपल्या स्प्लेंडरला पाजलं होतं,
गाडी धूर ओकत कणबर्गीपर्यंत गेली.
कॅन उद्या भावकीच्या फवारणी पंपात रिकामा होईल,
तरी मी पांढऱ्या रंगानं लिहिलं: ऑइल मिसळलेलं.
त्यानं ब्रश मागितला,
खाली तेच लिहिलं असावं, गोल गोल.
बोलतो दोघंही दोन्ही,
वाचतो मात्र एकेकच.
त्याचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे.
मी ते बोललो नाही.

खिळा मोठा, भिंत कोरडी,
गिझरपासून लांब. पातं भिंतीकडे.

बाहेर आलो तर सोमवारी कापलेल्या कडेवरून
हरळीनं दोन पेरं पलीकडं टाकलीत,
फरशीच्या सांधीत पांढरी मुळं.
वर कापावं तर ती खालून जाते.
वाकलो, उपटणार होतो,
कंबर म्हणाली, राहू दे.

"ठेवलं काय रे भरमाण्णा?" बाईंनी विचारलं.
"ठेवलं."
"मग जूनमध्ये किती वेळा ओढायची दोरी?"
"दोनदा," म्हणालो.
मनात पाच धरले.