डाव्या बटणाखाली

पुन्ता अरेनासच्या बंदरात, मालाच्या नोंदी होतात त्या खोलीत
एदुविना मान्सियाच्या टेबलावर दोन माऊस:
एक शेपटीचा, एक बिनशेपटीचा,
आणि वरच्या मजल्यावरून आलेली चिठ्ठी.
"चाळीस घ्यायचेत. टिकेल कोणता, तुम्ही सांगा."

शेपटीचा मानेपाशी सोललाय.
कपाच्या कानाला अडकून अडकून
आतले तांब्याचे केस बाहेर आलेत.
रुसलेल्या पोराची हनुवटी धरावी
तशी वायर धरली एका कोनात
की बाण हलतो. सोडली की थिजतो.

बिनशेपटीचा देखणा. पण जूनच्या थंडीत
हीटर बंद पडला की याचे सेल माणसांआधी गारठतात,
तेही नेमके जहाज धक्क्याला लागलेलं असताना.
आणि नखाएवढा तो तुकडा
एकदा केरात गेला होता तेव्हा
हातात उरला नुसता गुळगुळीत गोटा.

जेवणाच्या सुट्टीत ती दोन्ही घेऊन गेली
अन्सेल्मो बारियाकडे. होड्यांचे रेडिओ
दुरुस्त करणारा म्हातारा, कमी बोलतो.
त्याने दोघांची पोटं उघडून शेजारी शेजारी ठेवली,
चिमट्याच्या टोकाने दाखवलं:
डाव्या बटणाखाली, दोघांतही,
तीच काळी डबी, वाटाण्याएवढी,
आत कापलेल्या नखाच्या कडेइतकं पातं.
"हे दमतं. मग एकदा दाबलं की दोनदा बोलतं.
वायर मी तोडून जोडतो, सेल तुम्ही बदलता.
मरतात दोघं ते इथे."
मग चष्म्यावरून बघत,
"आणि तुमचं बोट?"

तिने तर्जनी मुठीत लपवली.
सकाळी ती अडकते,
दुसऱ्या हाताने उलगडावी लागते.
अठरा वर्षं. खेकड्यांचे खोके, लोकरीचे गठ्ठे,
प्रत्येकाला एक दाब.

बाहेर वारा सुटला होता. नगरपालिकेने
कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधले होते,
लोकांनी धरून चालावं म्हणून.
काखेत पिशवी, पिशवीत दोन फाडलेले उंदीर,
दोर धरून ती चालत राहिली
तीन बोटांनी आणि अंगठ्याने.

संध्याकाळी चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं:
"वायरीचा. तुटली तर दिसते तरी.
सोबत डाव्या बटणाचे सुटे स्विच. दीडशे."

मग दीडशे खोडून
दोनशे केले.