‘ग्रिझेल’ या वाफेच्या हवाई जहाजाचा तपासणी अहवाल

मी, यूफेमिया टुलक, बॉयलर-निरीक्षक, डंडी बंदर,
शपथेवर लिहिते की बॉयलर ठणठणीत आहे.
पितळ लखलखीत, झडपा वेळेवर शिंकतात,
चहाची किटलीसुद्धा तीन दंतचक्रांवर चालते
आणि साखर किती ते विचारते.
तक्रार बॉयलरची नाही.

कप्तान लुडोविक ड्रमंड, वय दोनशे एकाहत्तर.
जहाजावर आरसा एकही नाही,
दाढी मात्र रोज करतात, अंदाजाने.
(हनुवटीचा नकाशा जोडपत्रात.)
मी म्हटलं, या नोकरीसाठी रक्ताचं पाणी केलंय, साहेब.
ते मनापासून हळहळले,
“पाणी? अरेरे! सगळ्याचं?”

भट्टीवर टॉर्क्विल गेडिस. अबोल, खांदे दारात न मावणारे.
महिन्याला सत्तावीस रात्री
त्याच्यासारखा कोळशेवाला टे नदीच्या दोन्ही काठांवर नाही.
उरलेल्या रात्रींपुढे त्याने अर्जात लिहिलं होतं,
“घरगुती अडचण.”

बर्गनच्या टपालाच्या थैल्या चढल्या, दोर सुटले.
आभाळ गच्च होतं, म्हणून तिथी कोणी पाहिली नाही.
ढग फोडून वर आलो
तर चंद्र समोर, परातीएवढा, निर्लज्ज.
टॉर्क्विलने फावडं नीट भिंतीला टेकवलं,
बूट काढून जोडीने ठेवले,
“माफ करा, बाई,” म्हणाला.
त्यातलं “बाई” भुंकण्यात गेलं.

दाबमापकाचा काटा उतरू लागला.
कप्तान लांडग्याला नियमावली वाचून दाखवत होते,
कलम चार, पोटकलम आठ.
मी म्हटलं, तोंडाची वाफ दवडू नका,
ती आता बॉयलरला लागेल.
टोपी काढली, बाह्या सारल्या, फावडं उचललं.
टॉर्क्विलच्या शर्टाच्या चिंध्याही भट्टीत टाकल्या.
रात्रभर लांडगा माझ्या झग्याचं टोक धरून मागे ओढत होता.
मदत म्हणून, असं मी मानते.

आता एक गोष्ट, जी कचेरीच्या एकाही पुस्तकात नाही:
जितकं उंच जावं तितका सूर्य लवकर उगवतो.
आणि भट्टी मी जरा जास्तच पेटवली होती.
खाली उत्तर समुद्र अजून काळाकुट्ट,
वर कप्तानांच्या कानांतून धूर.
त्याच मिनिटाला लांडगा संपला
आणि टॉर्क्विल उरला,
आईने पहिल्यांदा पाहिला असेल तसा.

जहाजावर तागाचं रिकामं पोतं एकच.
(डंडीहून निघालेल्या जहाजावर! हे मी लाल शाईत लिहिते आहे.)
कप्तान पोत्यात गेले, तोंड मी सुतळीने बांधलं.
टॉर्क्विलला दिला माझा सरकारी कोट,
बटणं, बिल्ला, सगळ्यासकट.

बर्गनच्या धक्क्यावर जकात अधिकारी आस्लाक ट्वाइट.
उघड्या पिंडऱ्यांच्या टॉर्क्विलला त्याने कडक सलाम ठोकला,
“निरीक्षक महाशय, प्रवास सुखाचा झाला ना?”
मग माझ्या काळ्या तोंडाकडे बघून,
“ही कोळशेवाली? पोत्यात काय आहे?”
पोतं म्हणालं, “टपाल.”

टॉर्क्विल बोलला नाही. तो बोलतच नाही.
फक्त कान खाजवला, पायाने.
ट्वाइटने आदराने मान डोलावली.
बड्या हुद्द्याच्या माणसांच्या लकबी त्याने पाहिल्या असणार.
प्रमाणपत्रावर सही टॉर्क्विलचीच घेतली गेली.

अकरा वर्षांत माझा एकही अहवाल
एडिनबराच्या कचेरीने पहिल्या फेरीत मंजूर केलेला नाही.
हा झाला. शाबासकीचं पत्रही आलं,
“गेडिस साहेबांना.”
पत्र मी कप्तानांना दाखवलं.
ते म्हणाले, असंच चालत आलंय,
निदान दोनशे एकाहत्तर वर्षं तरी.

तपासणीची फी त्यांनी मोजून दिली, सात शिलिंग,
ज्या राजाचा शिक्का, त्याच्या थडग्यावरचं गवतही आता म्हातारं झालंय.
ती सोबत परत करते आहे.
कोट मिळाला, धुऊन, इस्त्री करून.
कॉलरला राखाडी केस राहिलेत, ते राहू दिलेत.
पुढची पौर्णिमा बुधवारी.
फावडं मी माझं नेणार आहे.