अर्धी चावी

पहिली पाळी सहाची. सव्वापाचला
ऐरोली सेक्टर आठच्या पार्किंगमध्ये मी, मामंजी
आणि चौदा वर्षांची गाडी.
चावी फिरवते.
घर्र घर्र घर्र घर्र
मागच्या सीटवर मामंजी मोजतात.
"सात," म्हणतात. "परवा पाच होते."

कारण सगळ्यांकडे आहे.
वॉचमन म्हणतो बॅटरी.
दुसऱ्या मजल्यावरच्या कुरियनना वाटतं प्लग.
दमामहून यांचा मेसेज: पैसे पाठवतो, नवीन घे.
नणंदेचे यजमान फोनवर म्हणाले,
"वहिनी, किती दिवस ओढणार?"
गाडीविषयीच बोलत होते. बहुतेक.

मी बॅटरी बदलली. साडेचार हजार.
टर्मिनलांवर खाडीच्या हवेनं धरलेलं
हिरवट पांढरं पीठ
गरम पाणी ओतून जुन्या टूथब्रशनं घासलं.
दोन दिवस बरं वाटलं. मला, गाडीला नाही.

मामंजी तीस वर्षं वागळे इस्टेटला लेथवर होते.
डोळे मिटून म्हणाले,
"फिरतंय जोरात, म्हणजे ताकद आहे.
पेटत नाही, म्हणजे काहीतरी पोचत नाही."
कुणी ऐकलं नाही. मीही नाही.

दिवागावात पदाजी मढवीचं गॅरेज,
साडेबारा टक्क्यांतल्या प्लॉटवर,
मुलांनी बांधलेल्या चार मजल्यांच्या पोटात.
कोपऱ्यात टायरांमागे एक वल्हं उभं.
त्यानं बॉनेट उघडलंच नाही.
मामंजींना खुर्ची दिली, मागची सीट उचलली,
आणि टाकीला कान लावून बसला.

"आत पंप हाय. पंपान एक बारका वॉल्व.
तो झिजला. रातभर पेट्रोल लायनीतून
मंगारी जातं, टाकीन.
सकाळी तुमी चावी मारता, तवा लाईन खाली."
"मग?"
"मंग काय. अर्धी चावी फिरवा नि थांबा.
पंप बोलल, झुंऽई.
गप झाला का मारा."

मामंजी डाव्या मनगटावरच्या फुगीर शिरेकडे बघत होते,
जिला आठवड्यातून तीनदा दोन सुया लागतात,
एक नेणारी, एक आणणारी.
चहा आला.
त्यांनी दोन घोट घेतले, मोजून,
बाकीचा माझ्याकडे सरकवला.

आता सोमवार, बुधवार, शुक्रवार: अर्धी चावी.
डॅशबोर्डवर लाल-पिवळे दिवे उजळतात,
मागे पायांखाली कुणीतरी गुणगुणतं.
त्या दोन सेकंदांत मला काहीच करायचं नसतं.
लग्नाला एकवीस वर्षं झाली;
एवढी मोकळी जागा आधी कुठे होती,
मला आठवत नाही.
मग पूर्ण चावी. दोनातच पेटते.
मामंजींना मोजायला फार उरत नाही,
ते ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे सिग्नल मोजतात.

नवीन पंपाचे नऊ हजार.
"बदलाल तवा बदला," पदाजी म्हणाला.
अजून बदललेला नाही.

परवा पहाटे मामंजी पलंगाच्या काठावर,
पावलं फरशीवर, हात गुडघ्यांवर.
मी हात पुढे केला.
"थांब," म्हणाले, "अर्धी चावी."

मी थांबले.
फ्रिज घुमला, गप झाला.
ते बसूनच होते.
मी मोजत होते. आकडा त्यांना सांगितला नाही.
बोलावून ठेवलेली लिफ्ट
वाट बघून कुणाकडे तरी खाली गेली.