पावणेतीन तोळे

काळबादेवीत सराफाच्या वरच्या मजल्यावर
अर्देशरशेठचं दुकान. मी तिथे काडतुसं भरायचो.
तराजू खालच्या सराफाकडूनच घेतलेला,
एका पारड्यात गुंजा, दुसऱ्यात गोळी.
पाचशे ग्रेन म्हणजे पावणेतीन तोळे.
एवढ्या सोन्यात लेकीच्या पाटल्या होतात,
शेठ म्हणायचे, आणि हसायचे नाहीत.

राजाध्यक्ष सॉलिसिटरांना हलकी हवी होती,
सव्वादोन तोळ्यांची.
वेगात जाते, सपाट जाते, खांद्याला धक्का कमी.
शेठ म्हणाले, दीकरा, गवा काय कागदचा हाय?
वेग कातड्यापाशीच खर्च होते.
हाडाच्या पलीकडे चालत जाते ते वजन.

पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.
मी भरून दिली. वीस.
एकेक तोलून, केसाचा फरक नाही.

मे महिन्यात ते चांद्याहून परतले.
टेबलावर शिशाची चुरगळलेली अळंबी ठेवली,
गव्याच्या फऱ्यात सापडलेली
माझी गोळी.
चहा झाला. कोर्टाच्या सुट्टीचं बोलणं झालं.
लिंगा मडावीचं नाव उठता उठता निघालं,
जिन्याकडे तोंड करून:
वाटाड्या होता. पुढे होता.

शटर ओढण्याआधी
मी ती अळंबी पारड्यात टाकली.
समोर गुंजा मोजत गेलो, शहाण्णवला काटा थांबला.
एक तोळा.

उरलेला सव्वा तोळा गेला कुठे,
खाली उतरून सराफाला विचारलं.
तो वही मिटत होता.
घट म्हणतात त्याला, म्हणाला,
धंद्यात धरायचीच असते.