लागणे

चाळिसाव्या मिनिटाला मारेटने
कंट्रोलर उशीवर ठेवला, हलकेच,
निजलेलं मूल ठेवावं तसा,
आणि न्हाणीघराकडे धावली.

टॅलिनमध्ये नोव्हेंबर. दुपारचे साडेतीन,
म्हणजे उजेड आवरून निघालेला.
खाली कोप्लीची ट्राम वळणावर करकरली
आणि तेवढ्यानेही पोटातलं उरलंसुरलं ढवळलं.

खेळ दलदलीचा.
फळ्यांची अरुंद वाट, दोन्हीकडे शेवाळ,
हरवलेल्या एका मोजणीदाराला शोधत जायचं.
दर पावलाला नजर जराशी डावीकडे कलते, जराशी उजवीकडे,
खरा माणूस चालतो तशी, असं बनवणाऱ्यांचं म्हणणं.
पण खरा माणूस चालतो तेव्हा
त्याच्या कानालाही ठाऊक असतं की तो चालतोय.
मारेटचे डोळे म्हणत होते, चाललीस.
कान म्हणत होते, सोफ्यावर बसलीयस.
दोघांच्या भांडणात
बीटच्या सॅलडचा बळी गेला.

उद्या दहाला परीक्षण हवं.
दहापैकी किती, तो आकडा वर, ठळक, चौकटीत.
तिने लिहिलं: तीन.
खोडलं.
तिनाला कारण होतं, मुद्दा नव्हता.

शिवाय तार्तूत तिघंजण आहेत.
त्यातली काइरे चार वर्षं नुसतं शेवाळ रंगवत होती,
ओलं, करपलेलं, पहिल्या बर्फाखालून डोकावणारं.
मारेटने ते गुडघ्यांवर बसून पाहिलं होतं
(गुडघ्यांवर बसलं की खेळ डोलायचा थांबतो)
आणि कितीतरी वेळ पुढे गेलीच नव्हती.

उर्मास संपादक फोनवर म्हणाला,
"शेंगदाणे सोसत नाहीत म्हणून
केकला नापास करायचं का?"
"नाही. पण डब्यावर शेंगदाणे लिहिलेत का, ते बघायचं."
तो गप्प. मग म्हणाला, "सहा दे आणि झोप."

आईला विचारलं. आई वीस वर्षं
हेलसिंकीच्या फेरीबोटीवर स्वयंपाकीण.
"ओकणारे समुद्राला नावं ठेवत नाहीत," आई म्हणाली,
"आम्हाला ठेवतात,
तीही कागदी पिशव्या संपल्या असतील तरच."
मग मासे किती महागलेत ते सांगत बसली.

मारेटच्या भाषेत माणूस समुद्र-आजारी होतो.
आजारी म्हटलं की खापर माणसाच्याच माथी.
माझ्या भाषेत बोट लागते.
ऊन लागतं, ठेच लागते, दृष्ट लागते,
कुणाचं बोलणं लागतं.
कुणी लावली, कुणाला का लागली,
क्रियापद चौकशी करत नाही.
मारेटला मात्र चौकशी करायचे पैसे मिळत होते.

रात्री आल्याचा तुकडा दाढेत धरून
तिने खेळाच्या सेटिंग्ज उघडल्या.
उजेड. भाषा. अक्षरांचा आकार.
वाऱ्याचा आवाज वेगळा कमी करता येत होता,
बेडकांचा वेगळा.
डोलणं बंद करायचं बटण कुठेच नव्हतं.
तीनदा शोधलं.
तेव्हा तिला पहिल्यांदा राग आला,
पोटातला नव्हे, नीट मांडता येईल असा.

"मी चाळीस मिनिटं खेळले," तिने लिहिलं,
"त्यापुढचं मला माहीत नाही.
इतकं निरखून पाहिलेलं शेवाळ मी वर्षभरात पाहिलं नाही.
बेडकांसाठी बटण आहे. माझ्यासाठी नाही."
चौकटीत पाच. मग चार. मग पुन्हा पाच.
दहा वाजून दोन मिनिटांनी गेला तो चार,
आणि दिवसभर तिला
तो एक गुण खिशात राहून गेल्यासारखा टोचला.

आठवड्याने काइरेचं पत्र आलं. शिव्या असतील
म्हणून ते तिने उभ्यानेच उघडलं.

"मलाही होतं.
चार वर्षं खिडकी उघडी ठेवून काम केलं, थंडीतसुद्धा.
त्या दोघांना बोलले नाही, वाटलं माझंच पोट कच्चं.
म्हणून तर सारखी खाली बसायचे,
शेवाळापाशी."