तिसऱ्या, बाजू ब

आम्ही तिघं होतो, म्हणून बँडचं नाव तिसऱ्या.
दुसरं कारण असं की त्या दिवशी जयमालाच्या आईची पाटी
न विकता परत आली होती
आणि आम्ही तेच खात बसलो होतो.
वेंगुर्ल्यात तेव्हा बँड म्हणजे लग्नातला.
लोक विचारत, तासाला किती घेता?

इनास फर्नांडिसकडे त्याच्या पावलू अंकलची गिटार, पाच तारांची.
सहावी बेळगावला मिळते असं सगळे म्हणत,
बेळगावला कुणी गेलं नाही.
जयमाला कुबलचा आवाज बारीक,
शेवटच्या अक्षराला हटकून घसरणारा,
भजनी मंडळाने परत पाठवलेला.
मी पत्र्याचा डबा वाजवायचो, आणि बटण दाबायचो.

बटण महत्त्वाचं.
एका टेपवर आधी वाजवलेलं लावायचं,
त्यावरून पुन्हा गायचं,
दोन्ही मिळून दुसऱ्या टेपवर उतरवायचं.
प्रत्येक थराला खरखर वाढे,
सारवणावर सारवण चढावं तशी.
चौथ्या थराला जयमाला
खडपापलीकडच्या होडीतून हाक मारतेय असं वाटे.

खोली बर्फाच्या कारखान्यामागची. भाडं नाही,
फक्त पहाटे तीनला लाद्या फोडायला हात लावायचा.
कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालू,
म्हणून तो सगळ्या गाण्यांत आहे.
एका गाण्यात कुत्रा आहे.
एकात मधेच इनासची आई:
रे इनासा, पेज थंड जाता!
ते पुसलं नाही.
पुसून पुन्हा गायला जयमालाला वेळ नव्हता.

पहिल्या तीस कॅसेटी.
त्यातल्या चारांवर लोकांनी नंतर आरत्या भरल्या.

इनासचा मावसभाऊ बोटीवर होता,
त्याच्या खिशातून एक लिव्हरपूलला उतरली
आणि कशी कोण जाणे, लीड्सच्या एका माणसाकडे गेली.
तो म्हणे आपल्या स्वयंपाकघरातून
असल्याच खरखरीत कॅसेटी काढायचा.
त्याचं पत्र आलं. निळी शाई, बारीक अक्षर:
दुसऱ्या गाण्याच्या तळाशी सतत वाजतं ते वाद्य कोणतं?
तंबोरा का?
आम्ही दोन दिवस विचार केला
आणि कळवलं, होय.

त्याने पन्नास मागवल्या.
पार्सलवर नाव तिसऱ्या,
म्हणून पोस्टातल्या मांजरेकरांनी फॉर्मात लिहिलं: सुकी मासळी.
तरी पोचल्या.
अकरा पौंडांचा चेक आला.
आमच्या बँकेला तो वठवता येईना. अजून आहे.

मग आमचं डोकं फिरलं.
जयमालाची एक बांगडी ठेवून
पणजीला दोन दिवस स्टुडिओ घेतला.
गिटारला सहा तारा.
काचेपलीकडच्या माणसाने खरखर गाळून काढली,
सोलकढीचा नारळ पिळून गाळावा तशी,
चोथा टाकला.
ऐकलं.
आम्ही चोथ्यात होतो.

भांडण वगैरे झालं नाही.
येताना एसटीत इनास सावंतवाडीपर्यंत झोपला.
पुढे तो मस्कतला गेला, एसी दुरुस्त करतो.
जयमाला कुडाळला, विम्याच्या ऑफिसात.
बँड मोडला असं कुणी म्हटलंच नाही,
एका शनिवारी मी बटण दाबलं नाही, इतकंच.
बांगडी सुटायला तीन वर्षं लागली.

कारखानाही गेला. मशीन भंगारात, किलोवर.

मागच्या महिन्यात झिलू गिरकर आला, तिथला ऑपरेटर,
आता काठी टेकत.
ती क्यासेट हा रे तुझ्याकडे?
मी बुरशी स्पिरिटने पुसली,
सुटलेली फीत पेन्सिलीने गुंडाळली, लावली.
जयमाला गायला लागली तसा त्याने हात वर केला.
तेका जरा गप ऱ्हवाक सांग.

मग डोळे मिटून पूर्ण बाजू ऐकली,
मान एका अंगाला, कुत्र्यालाही न हलता.
पट्टो सैल हा, शेवटी म्हणाला.
आयकतंस? तवाच सांगितलंलंय शेटाक.

मी रिवाइंड केलं
आणि आवाज जरा वाढवला.