नीळ

मंगळवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर
हेमलता रणपिसे युनिफॉर्मची जुनी साडी नेसून बसल्या होत्या
आणि माझ्या कॅमेऱ्यात त्यांचा चेहरा
तीन भाडेकरूंनी वाटून घेतला होता.
कपाळ ट्यूबनं, निळसर.
डावा गाल कोपऱ्यातल्या बल्बनं.
हनुवटी हिरवी:
समोरच्या सोसायटीनं यंदा पोपटी रंग काढलाय,
तो न विचारता खिडकीतून आत येतो.

"घरी गेल्यावर कॉम्प्युटरवर काढतो सगळं," मी म्हटलं.
निळं घालवलं की गाल संत्रं होतो
आणि पिवळं घालवलं की कपाळ गार पडतं,
हे सांगितलं नाही.

"हार घालायचा फोटो आहे हा," त्या म्हणाल्या.
"पिवळी आले तर लोक म्हणतील,
बाई काविळीनं गेल्या."

एकतीस वर्षं ससूनला, बाळंतिणींच्या वॉर्डात.
"बल्बखाली कावीळ कळत नाही रे.
मूल उचलायचं, खिडकीशी न्यायचं,
नाकाच्या शेंड्यावर बोट दाबायचं, सोडायचं.
खालचा रंग क्षणभर खरं बोलतो."
बोलता बोलता उठल्या.
ट्यूब बंद. बल्ब बंद.
फ्रिजमागचा झिरोचा दिवाही,
जो मला दिसलाच नव्हता.
आणि पोपटी भिंतीचं काय, असं मी विचारेपर्यंत
खिडकीच्या गजांना चादर लागली, चार चिमटे.

हिरवा पुरता गेला नाही,
पण सगळीकडे सारखा झाला.
सारखी असली की चूक धरता येते.
पावणेपाचच्या त्या एकाच उजेडात
त्यांचा रंग आपल्या जागी येऊन बसला,
भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा.

रात्री धायरीला, दोनच्या सुमारास,
पदरावर बाण ठेवून मी मशीनला म्हटलं, हा पांढरा.
बाई निळ्या पडल्या.
पुन्हा केलं. पुन्हा निळ्या.

सकाळी फोन केला तर हसायलाच लागल्या.
"ती साडी पांढरी कुठली आता?
रिटायर झाल्यापासून नीळ नाही बघितली तिनं.
आणि हे बघ, बादलीला थेंबच पुरतो.
जास्त पडली की मेट्रन वॉर्डभर ओरडायच्या."

थेंबच टाकला.

डाव्या कानाच्या पाळीवर
थोडं पिवळं अजून आहे.
कुडीचं सोनं असेल, नाहीतर माझी चूक.
राहू दिलं.